आणखी थोडे घोडे

माणसाला आहे त्यापेक्षा थोडं जास्त हवं असतं, हे संतांनी कधीच सांगून ठेवलं आहे. पण ते थोडं म्हणजे नेमकं किती, हे मोजायचं माप त्यांच्याजवळ नव्हतं. ते अठराव्या शतकात जेम्स वॉट नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने दिलं. आपली वाफेची इंजिनं गिरणीवाल्यांच्या नि खाणवाल्यांच्या गळ्यात मारायची, तर त्यांना समजेल अशा भाषेत बोललं पाहिजे, म्हणून त्याने एक घोडा किती काम करतो याचा हिशेब मांडला. एका मिनिटात ३३,००० पौंडांचं ओझं एक फूट वर उचलणं म्हणजे एक हॉर्सपॉवर. घोड्याला अर्थातच कुणी विचारलं नाही. १९९३ साली ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकात दोघा शास्त्रज्ञांनी घोड्याची बाजू मांडली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे धडधाकट घोडा मनात आणलं तर काही क्षण जवळजवळ १५ हॉर्सपॉवर काढू शकतो. दिवसभर जुंपला की मात्र एकावर येतो. म्हणजे एका घोड्याच्या पोटात पंधरा घोडे असतात, पण ते फार वेळ थांबत नाहीत.

माझ्या भाच्याच्या गाडीत मी ते येताना पाहिले आणि जातानाही पाहिले.

माझी थोरली बहीण धावड्याला दिलेली आहे. धावडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं गाव. ताईचं लग्न झालं तेव्हा ते औरंगाबाद जिल्ह्यात होतं. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा निघाला आणि ताई चुलीपुढून न उठता दुसऱ्या जिल्ह्यात गेली. हॉर्सपॉवरशिवाय एवढी मजल मारलेली मी तरी दुसरी पाहिली नाही. एरवी तिकडे प्रत्येक गोष्ट एच.पी.त बोलतात. घोडा दिसतो तो फक्त लग्नात, तोही भाड्याचा. पण मोजदाद चोवीस तास घोड्यांचीच चालते. कुणाच्या विहिरीवर तीनची मोटर, कुणाची पाचची, सोयरीक जुळवताना मुलाकडे ट्रॅक्टर पस्तीसचा आहे की पंचेचाळीसचा. मोटरीवर पाटी तीनची आणि आत माल पाचचा, असेही प्रकार असतात म्हणे. आता सरकारने २०२४ पासून साडेसात एच.पी.पर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत केली आहे. शेतकऱ्याची साडेसाती संपवायला आकडाही साडेसातच निवडला, याबद्दल मंत्रालयात कुणीतरी पत्रिका पाहणारा बसला असावा अशी मला शंका आहे.

अशा मातीत वाढलेल्या मुलाला गाडीतले घोडे कमी वाटू लागले, तर दोष एकट्या त्याला देता येत नाही.

भाचा हे ताईचं शेंडेफळ. पुण्यात डिप्लोमा केला, तिथेच चार-पाच वर्षं एका कारखान्यात काढली आणि शेती बघायला म्हणून परत आला. येताना एक जुनी पेट्रोल गाडी घेऊन आला. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे जे घडलं त्यात बिचाऱ्या कंपनीचा काडीचा संबंध नाही. कंपनीने ती ८५ हॉर्सपॉवरची करून दिली होती. ह्याने पुण्यातल्या कुठल्याशा गॅरेजात तिला सुपरचार्जर बसवून १२० ची करून आणली.

“म्हणजे काय केलंस?” मी विचारलं.

“मामा, ब्लोअर लावला.”

हे ऐकून ताईला फार आनंद झाला. जालना जिल्ह्यात ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडून मोसंबीच्या बागेत औषध फवारायचं यंत्र. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्यामुळे ब्लोअरलाही तिकडे जरा मान आहे. पोरगं शेतीला लागलं म्हणून तिने साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली. दाजींनी बॉनेट उघडायला लावलं, बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाले, “अन् याच्यात औषध कुठून वतायचं?”

मग भाच्याने आम्हा सगळ्यांना ओसरीवर बसवून समजावलं. ते त्याने इतकं छान समजावलं, की याने मास्तरकी धरली असती तर तालुक्याचं भलं झालं असतं आणि पेट्रोलही वाचलं असतं. इंजिन म्हणजे काय, तर हवा आत घ्यायची, तिच्यात पेट्रोल मिसळायचं आणि ठिणगी द्यायची. पेट्रोल वाटेल तेवढं ओतता येतं, पण जाळायला हवा हवी. साधं इंजिन हवा आपली आपण ओढतं, म्हणजे वातावरणाचा दाब, दर चौरस इंचाला १४.७ पौंड, जेवढी आत ढकलेल तेवढी. सुपरचार्जर ती कोंबतो. पंगतीत काही वाढपी असे असतात, की तुम्ही पानावर आडवे पडलात तरी हातांच्या फटीतून जिलबी सोडतात. तसा हा. वरून सात पौंडांचा दाब दिला की आत दीडपट हवा जाते, दीडपट पेट्रोल जळतं आणि दीडपट घोडे. हे कागदावर. कारण दाबलेली हवा तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, ते आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तापलेली हवा फुगते, मग ती तेवढी मावत नाही.

“अन् हा फिरतो कशावर?” दाजींनी नेमका प्रश्न विचारला.

“इंजिनवरच. पट्ट्यावर.”

“म्हंजे इंजिनला जोर यावा म्हून जे लावलं, त्याला फिरवायला जोर इंजिनचाच?”

“हाव.”

दाजी काही बोलले नाहीत. सोसायटीचं कर्ज फेडायला सोसायटीतूनच कर्ज काढणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. (टर्बो म्हणतात तो याचाच चुलतभाऊ. तो सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो, म्हणून आज बहुतेक डिझेल गाड्यांत तो असतो. पण त्याचा जोर यायला क्षणभर वेळ लागतो. सुपरचार्जर पाय ठेवल्याबरोबर हजर. मात्र मजुरी आधी घेतो.)

या यंत्राचं घराणं मोठं गमतीचं आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात रूट्स नावाच्या दोघा भावांनी १८६० साली अशा ब्लोअरचं पेटंट घेतलं, ते गाडीसाठी नव्हेच. तेव्हा मोटारगाडी होतीच कुठे? लोखंड वितळवायच्या भट्टीला वारा घालायला त्याचा उपयोग झाला. थोडक्यात, लोहाराचा भाता. तो गाडीच्या इंजिनाला जोडायची बुद्धी माणसाला नंतर झाली.

आता खरं सांगायचं तर मी त्या १२० घोड्यांच्या गाडीत बसलो आणि मला मजा आली. राजूरच्या गणपतीला गेलो होतो. मोकळ्या रस्त्यावर भाच्याने पाय दाबला, बॉनेटखालून पिठाची गिरणी सुरू व्हावी तसा बारीक सूर निघाला, तो चढत गेला, आणि माझी पाठ आपोआप सीटला चिकटली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पाठीला इतक्या तातडीने कुणी बोलावत नाही. ज्यांना या सुखाची चव नाही त्यांनी अशा पोरांना नावं ठेवू नयेत. ती गाडी आठ महिने बिनतक्रार चालली, हेही नोंदवून ठेवतो. गॅरेजवाल्याने दाब बेताचा ठेवला होता. कंपनीने इंजिन बनवताना थोडी शिल्लक ठेवलेली असते, तेवढीच त्याने खर्चली होती.

पण शिल्लक आहे म्हटल्यावर माणसाला झोप लागते का? आठ महिन्यांनी भाचा म्हणाला, “मामा, दीडशे सहज निघतील.”

ते काढायचे कसे, तर फार सोपं. सुपरचार्जरची पुली बदलायची. पुली लहान केली की तोच पट्टा तिला जास्त फेरे फिरवतो, दाब वाढतो, घोडे वाढतात. एक चाकळी, चार बोल्ट आणि अर्धा दिवस. अनर्थाला इतका स्वस्त सुटा भाग मी दुसरा पाहिलेला नाही.

“आणि बाकीचं इंजिन?” मी विचारलं.

“ते हाय तेच.”

इथेच सगळी गोम होती. घरातल्या एका सुनेला पाटल्या केल्या की बाकीच्यांची तोंडं कशी होतात, हे ज्याला माहीत आहे त्याला मोटारीचं इंजिन वेगळं शिकवावं लागत नाही. दीडशे घोडे आल्याबरोबर पहिल्यांदा क्लचप्लेट रुसली. ती ८५ च्या हिशेबाने बसवलेली, ती घसरू लागली. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागेवर. ती बदलली. मग पट्टा. लहान पुलीला पट्ट्याची पकड कमी मिळते, म्हणून तो करकचून ताणला, तर ताणाने बेअरिंग बोलायला लागलं. मग रेडिएटर मोठा हवा झाला, कारण जास्त घोडे म्हणजे जास्त उष्णता. मग पेट्रोलचा पंप, कारण हवा वाढवली तर पेट्रोलही त्या प्रमाणात वाढलं पाहिजे. नाहीतर मिश्रण कोरडं पडून आतला जाळ आणखी भडकतो. ब्रेकांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं, ते ताईने विचारलं. पोरीचं लग्न ठरवताना दारूची चौकशी करतात, त्या सुरात तिने विचारलं, “थांबती का पण?”

पैसे दाजींच्या मिरचीचे जात होते. दरवर्षी मिरचीची पट्टी आली की त्यातला एक तुकडा मोडून गाडीच्या नावाने पुण्याला जाई. मिरचीने डोळ्यांत पाणी येतं हे दाजींना माहीत होतं. ते विकून झाल्यावरही येतं, हा अनुभव नवा होता.

मी त्याला बेंटलीची गोष्ट सांगून पाहिली. या विषयातलं हे रामायण आहे. डब्ल्यू. ओ. बेंटली या इंग्रज गृहस्थाने बळकट मोटारी बनवल्या. त्यांचा सुपरचार्जरला सक्त विरोध. जोर हवा तर इंजिन मोठं करा, भाता लावू नका, असं त्यांचं म्हणणं. टिम बर्किन हा त्यांच्याच गाड्या शर्यतीत चालवणारा बहाद्दर ऐकेना. डोरोथी पॅजेट नावाच्या एका श्रीमंत बाईंनी त्याला पैसा पुरवला. तिथे मिरची नव्हती, पण पट्टी होती. ११० हॉर्सपॉवरच्या साडेचार लिटर गाडीला त्याने पुढे नाकावर ब्लोअर बसवला आणि शर्यतीसाठी २४० पर्यंत नेली. १९३० साली फ्रान्समध्ये ल मांची २४ तासांची शर्यत झाली. ब्लोअरवाल्या बेंटली सुसाट सुटल्या. त्यांच्याशी झुंजणाऱ्या मर्सिडीजलाही सुपरचार्जर होता, पण तो पाय पूर्ण दाबला तरच लागू होणारा आणि थोडाच वेळ वापरायचा. घोड्याचे पंधरा घोडे जर्मनांना बरोबर समजले होते. तरी मर्सिडीजही मध्येच थांबली. ब्लोअरवाल्या दोन्ही बेंटलींनी शेवट पाहिलाच नाही. जिंकली ती साधी, भात्याशिवायची, साडेसहा लिटर इंजिनाची बेंटली. दुसरीही तिचीच बहीण आली.

भाच्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मामा, आज सगळ्यात जास्त भाव कोणत्या बेंटलीला हाय?”

मला उत्तर माहीत होतं. ब्लोअरवालीला. हरलेल्या वीरांचे पोवाडे जास्त चालतात, त्याला माझा इलाज नाही.

मग मी कायदा काढला. जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाचं ते शेवटचं अस्त्र. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा एकेका बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय विमा कंपनीला आयतं निमित्त. भाचा म्हणाला, “पाटी तर एम.एच. २१ चीच हाय ना!” पाटी तीनची आणि माल पाचचा, ही परंपरा आता विहिरीवरून रस्त्यावर आली होती.

यात सगळ्यात स्वस्थ होत्या त्या ताईच्या सासूबाई. वय पंचाऐंशीच्या पुढे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून बरीच वर्षं झालेली, दुसरा आता पिकला होता आणि पहिल्यालाही अंधुक दिसायला लागलं होतं. भाकरीतला खडा बोटाने कळायचा, पण दारात उभा माणूस आवाज दिल्याशिवाय कळत नसे. जालन्याच्या दवाखान्यात एप्रिलअखेरची तारीख मिळाली. दोनदा सर्दी-तापाने हुकलेली, ही तिसरी. “मी नेतो आजीला,” भाचा म्हणाला, आणि मीही आदल्या दिवशी जाऊन राहिलो. दाजींनी एवढंच विचारलं, “पोचन ना?”

गाडी नुकतीच पुण्याहून जुळवून आली होती, आणि जुळवताना पोटात होतं १०० ऑक्टेनचं पेट्रोल. ऑक्टेन जितका जास्त तितकं पेट्रोल दाब आणि उष्णता सोसतं, आपण होऊन पेटत नाही. हे उंची पेट्रोल डिसेंबर २०२० पासून पुण्या-मुंबईसारख्या काही शहरांत मिळू लागलं. आमच्या बाजूला पंपावर जे येतं ते सगळ्यांना येतं तेच. ते ८५ घोड्यांना उत्तम. आदल्या संध्याकाळी भाच्याने त्यानेच टाकी भरली होती.

निघायला नऊ वाजले. मराठवाड्यातलं एप्रिलचं ऊन नऊलाच दुपार करतं. पुढे भाचा, मी. मागे ताई आणि आजी, मांडीवर पिशवी. भोकरदन गेलं. राजूर यायच्या आधी समोर कडब्याचा ट्रॅक्टर लागला, रस्ताभर पसरलेला. भाच्याने गियर खाली घेतला आणि पाय दाबला. गिरणीचा सूर चढला, दीडशे घोडे उधळले, आणि त्या सुराच्या आतून एक वेगळाच आवाज आला, पत्र्याच्या डब्यात कुणी खडे खुळखुळवावेत तसा. भाच्याने पाय काढला, पण तोवर मागे निळसर धूर सुटला होता. एक सणसणीत ठोका बसला आणि गाडी तीन पायांवर लंगडत कडेच्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली. ट्रॅक्टर सावकाश आमच्या पुढे निघून गेला. त्याच्यावरच्या माणसाने हात केला.

आजींना फक्त थांबल्याचं कळलं. त्या म्हणाल्या, “काहून रे? बैल बसला का?”

भाचा स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता. त्याचा चेहरा पाहून मी बेंटली, कलम ५२ वगैरे सगळं गिळलं. तारीख तिसरी होती, घड्याळात पावणेदहा झाले होते, आणि म्हातारी लिंबाच्या सावलीत पिशवी धरून कोणत्या बाजूला पाहावं हे न कळून रस्त्याच्या उलट्या बाजूला तोंड करून बसली होती. भाच्याने ते पाहिलं. तो उठला आणि भर उन्हात रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिला.

वीस मिनिटांनी एस.टी. आली आणि थांबली. तिच्या इंजिनात घोडे किती, हे आजवर मी कुणाला विचारताना ऐकलेलं नाही. आजींनी पदराच्या गाठीतून आधार कार्ड काढलं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. फुकट आहे. ताईला, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना आहे तसं, अर्धं. पूर्ण तिकीट फक्त माझं. दवाखान्यात आम्ही पाऊण तास उशिरा पोहोचलो. तिथल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग आजींकडे पाहिलं आणि नाव दुपारच्या यादीत घातलं.

इंजिन नंतर भोकरदनच्या मिस्त्रीने उतरवलं. हेड काढल्यावर त्याने आम्हाला बोलावून दाखवलं. तिसऱ्या पिस्टनच्या डोक्याला करंगळी जाईल एवढं भोक. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ते ६६० अंशांना वितळतं. आतला जाळ दोन हजार अंशांच्या वर. तरी तो रोज कसा टिकतो, तर त्याच्या डोक्याला लागून वायूचा एक पातळ, जरा निवलेला थर असतो, गोधडी पांघरल्यासारखा. धसकटं पेटवली की जाळ एका कडेने सरकत जातो, तसं पेट्रोल रीतीने जळत गेलं तर ती गोधडी जागेवर राहते. दाब जास्त, हवा तापलेली आणि पेट्रोल साधं, असं झालं की उरलेलं मिश्रण जाळ यायची वाट न बघता एकदम भडकतं. तोच तो डब्यातल्या खड्यांचा आवाज. तो झटका त्या गोधडीला उडवून देतो. पाच-सात सेकंदही पुरतात. मिस्त्री भोकातून माझ्याकडे पाहत म्हणाला, “बाकी इंजिन नंबर एक हाय बरं का.”

आजींची पट्टी निघाल्यावर चार दिवसांनी गाडी टो होऊन अंगणात आली. त्या ओसरीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या, एक हात कपाळाला लावून तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “हिरवी हाय व्हय? मले वाटे काळीच हाय.”

नवे पिस्टन पडले, इंजिन बांधून झालं, आणि ते बांधताना भाच्याने कुणी न सांगता सुपरचार्जर उतरवून ठेवला. गाडी आता ८५ ची आहे. जालन्याला जाते, येते. पाठ सीटला चिकटत नाही. भाचा त्याबद्दल बोलत नाही, पण मोकळा रस्ता लागला की त्याचा उजवा पाय किंचित हलतो, हे मी पाहिलेलं आहे.

उतरवलेला ब्लोअर गोठ्यात पोत्यावर पडून होता. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा गावातला लोहार विळे पाजवून द्यायला आला होता. त्याने तो उचलून पाहिला, पुली हाताने फिरवली, तोंडाशी गाल नेऊन वारा घेतला आणि खूश झाला. “भट्टीला ब्येस होईल,” म्हणाला. भाचा जरा दुखावला. परदेशी वस्तू, किंमत अमुक हजार, असं सांगू लागला. पण लोहाराचं लक्ष पुलीवरच होतं.

“याला मोटर किती एच.पी.ची लागंल?”

भाच्याने मनात गणित केलं. “तीन लय झाली.”

“मंग पाचचीच लावू,” लोहार म्हणाला.